महिन्यात ८ किलो म्हणे!

सकाळी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका काकूंनी 'आधी' आणि 'नंतर'चा फोटो टाकला. वजन घटवायच्या गोळ्या! महिन्यात ८ किलो कमी, डाएट नाही, व्यायाम नाही, १०० टक्के नैसर्गिक, इच्छुकांनी पर्सनलवर यावे. खाली अंगठ्यांची रांग, आणि दोघीतिघींनी तर चक्क किंमत विचारलेली. डोकंच फिरलं माझं.

नैसर्गिक म्हणजे काय, तर गार्सिनिया. आपल्या कोकमाचा भाऊबंद. त्यातलं जे हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल चरबी जाळतं म्हणतात, ते कोकमातही असतं. मग सोलकढी पिऊन पिऊन अख्खं मालवण एव्हाना काटकुळं व्हायला हवं होतं! अमेरिकेत १९९८ मध्येच लोकांना १२ आठवडे देऊन बघितलंय. ज्यांना खोटी गोळी दिली त्यांच्यापेक्षा वजन काही जास्त उतरलं नाही. वर अशा गोळ्यांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत, त्या वेगळ्याच.

माझी मावसबहीण. साखरपुड्यात होणाऱ्या सासूबाई हसत हसत म्हणाल्या, "लग्नापर्यंत जरा बारीक हो गं, शालू खुलून दिसेल." झालं! जिमच्या ट्रेनरने 'हर्बल' कॅप्सूल दिल्या. वजन उतरलं, नाही म्हणत नाही. भूकच लागेना तिला. घरीदारी कौतुक चाललेलं आणि ही रात्र रात्र जागी, तोंडाला कोरड. मेंदी काढणारी सारखी म्हणत होती, "ताई, हात हलवू नका ना." हात ती हलवत नव्हती, ते थरथरत होते. त्याच रात्री छातीत इतकं धडधडायला लागलं की दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी डबी मागितली. पुढे हिरवं पान आणि बारीक कंबर. मागे ना घटक, ना परवाना क्रमांक, ना बनवणाऱ्याचा पत्ता.

सिब्युट्रामीन नावाचं भूक मारणारं औषध होतं. हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत बंद झालं, २०११ मध्ये आपल्याकडे बंदी आली. तरी 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूल तपासल्या की त्यात अजून ते सापडतं. बहिणीच्या डबीत तेच होतं असं मी म्हणत नाही. कुणी तपासलंच नाही, आणि ट्रेनर फोन उचलेना.

बरं, डॉक्टर लिहून देतात त्या औषधांचा उपयोग होतो, मान्य. पण ऑर्लिस्टॅट, म्हणजे खाल्लेली चरबी पचू न देणारी गोळी, वर्षभर घेऊन खोट्या गोळीपेक्षा जास्तीचे तीनेक किलो जातात, आणि तळलेलं खाल्लं की तेलकट जुलाबाने पळापळ. सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनने सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरतं खरं, पण ते थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोनतृतीयांश परत आलेलंही अभ्यासात दिसलंय. निदान तिथे काय टोचतोय ते माहीत असतं, आणि काही झालं तर जाब विचारायला डॉक्टर समोर बसलेला असतो.

किंमत विचारणाऱ्यांवर माझा राग नाही, खरंच. बाळंतपणानंतर वाढलेलं वजन, पाळीच्या तक्रारी, दिवसभर खुर्चीत बसून नोकरी. त्यात घरी आल्यावर चालायला जायचं कोणी आणि कुकर लावायचा कोणी? बहीणही काही बावळट नव्हती, एम.कॉम. आहे ती.

राग येतो तो शालूवाल्या बाईंचा. मुलीला दवाखान्यात नेलं हे कळल्यावर त्यांचा पहिला प्रश्न काय, तर "मुहूर्त तर नाही ना टळणार?" लग्न झालं. गोळ्या बंद केल्यावर वजन दिवाळीच्या आत होतं तिथे आलं. आता त्याच बाई नव्या सुनेच्या 'सुटलेल्या' अंगाबद्दल चारचौघांत बोलतात. आणि त्यांचा मुलगा? त्याचं पोट शेरवानीतही मावत नव्हतं, त्याला कुणी कॅप्सूल दिली नाही ती!

आता खाली कुणी "पण माझ्या वहिनीला फरक पडला" असं लिहिणार असाल, तर जरूर लिहा. सोबत डबीचा फोटो टाका. मागच्या बाजूचा.