कासवाला चुना लावू नका

‘कासवाचं कवच लोखंडासारखं करा, फक्त ५० रुपयांत’ असा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. तुमच्याकडे आला नसेल तर येईलच. आमच्या घरच्या ग्रुपवर तो वहिनीने टाकला आणि थोड्याच वेळात भाचीचा मला वेगळा मेसेज: ‘आत्या, आजीची व्हिटॅमिनची पुडी आहे कपाटात, ती चालेल ना?’ नाही चालणार, सोनू. का नाही ते ग्रुपवर लिहायला बसले, तर ते एवढं लांबलं.

फॉरवर्डमधला मजकूर थोडक्यात असा. रोज माणसांची कॅल्शियमची गोळी कुस्करून द्या. आठवड्यातून एकदा व्हिटॅमिन डी-३ च्या पुडीतली चिमूटभर पावडर खाण्यावर भुरभुरा. टाकीच्या पाण्यात गव्हाच्या दाण्याएवढा चुना सोडा. डोळे सुजले तर कॉड लिव्हर ऑइलची कॅप्सूल फोडून पाजा. पालक आणि दूध भरपूर. कवचाला खोबरेल. खास दिवे घेऊ नका, ती कंपन्यांची लूट आहे. आणि एवढं करूनही कवच मऊच राहिलं तर देवळाच्या तळ्यात सोडा, पुण्य लागेल.

वर फोटो आहे तो स्टार कासवाचा, पिवळ्या चांदण्यांच्या नक्षीवालं. हे कासव कोरड्या जमिनीवरचं, पालापाचोळा आणि गवत खाणारं. त्याला टाकी कशाला लागेल? शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्याने ते घरात ठेवणं हा गुन्हा आहे. आपल्याकडे फ्लॅटमध्ये असतं ते बहुतेक रेड इअर स्लायडर, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, मूळ अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. लिहिणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. इथेच खरं तर वाचणं थांबवायला हरकत नव्हती.

पण ती पुडी. बाकी सगळं एकीकडे आणि ही पुडी एकीकडे, कारण ती घरोघरी पडलेली असते. एक ग्रॅमच्या त्या पुडीत ६०,००० युनिट डी-३ असतं. डॉक्टर ती मोठ्या माणसाला आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे देतात आणि मग थांबवतात. माणूस ६० किलोचा धरला तर किलोमागे १,००० युनिट झाले. आता भाचीचं कासव घ्या, वजन फार तर २०० ग्रॅम. चिमूट म्हणजे पुडीचा दहावा भाग धरू, म्हणजे ६,००० युनिट. किलोमागे हिशेब केला तर ३०,००० झाले. आजीच्या डोसाच्या तीसपट, आणि तेही ‘दर आठवड्याला’, कधी थांबायचं ते न सांगता.

डी-३ चरबीत विरघळतं. जास्त झालं तर लघवीवाटे निघून जात नाही, साठत राहतं. मग आतड्यातून कॅल्शियम नको तितकं शोषलं जातं, रक्तात ते वाढतं आणि कवचात जाण्याऐवजी मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांत, हृदयाच्या स्नायूत जमायला लागतं. अमेरिकेत आणि न्यूझीलंडमध्ये उंदीर मारायच्या काही औषधांत हेच द्रव्य असतं, कोलकॅल्सिफेरॉल, आणि उंदीर मरतो तो ह्याच रीतीने. आजीच्या पुडीवर बारीक अक्षरात छापलेलं नाव वाचा. कासवाचं सगळंच संथ असल्यामुळे ते लगेच काही दाखवतही नाही. आधी खाणं कमी होतं, मग मलूल पडतं, आणि तोवर ‘उपाय चालू आहे’ म्हणून चिमटी पडतच राहते.

आता ‘दिवे म्हणजे लूट’. पुडीचा मोह पडतो तो ह्याच मुद्द्यामुळे. कासवाच्या त्वचेवर उन्हातले यूव्हीबी किरण (अतिनील किरणांचा एक प्रकार) पडले की तिथेच डी-३ तयार होतं, पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचं रूप देतात. पुरेसं झालं की तेच किरण जास्तीच्या कच्च्या मालाचं निरुपयोगी पदार्थांत रूपांतर करतात. उन्हातून येणाऱ्या डी-३ ला असा लगाम आहे, पुडीला नाही. आणि हे कुणा दुकानदाराचं म्हणणं नव्हे. २००६ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ व्हेटर्नरी रिसर्च’मध्ये नेमका रेड इअर स्लायडरवरच केलेला प्रयोग छापून आला होता. वर्षभराची बारा पिल्लं, सहांना यूव्हीबीचा दिवा, सहांना नाही, मुदत तीस दिवसांची. शेवटी रक्तातल्या डी-३ चं प्रमाण दिव्याखालच्यांत लिटरमागे सरासरी ७२ नॅनोमोलच्या आसपास, बाकीच्यांत ३१. बारा कासवं म्हणजे फार नव्हेत, मान्य. पण फॉरवर्डवाल्याकडे एकही नाही.

दिव्याच्या नावाखाली दुकानात काहीही गळ्यात मारतात, एवढी तक्रार मात्र खरी आहे. साधा हॅलोजन ‘टर्टल लॅम्प’ म्हणून विकला जातो. तो ऊब देतो, यूव्हीबी देत नाही. घरातला एलईडीही देत नाही. खोक्यावर यूव्हीबी ५.० किंवा १०.० असं लिहिलेलं पाहून घ्या. दिवा आणि कासव यांच्यामध्ये काच किंवा प्लॅस्टिकचं झाकण नको, कारण हे किरण तिथेच अडतात. खिडकीच्या बंद काचेतून टाकीवर येणारं छान ऊनही म्हणूनच ह्या कामी कुचकामी. फुकटातला उपाय हवा असेल तर बाल्कनीत पसरट टब ठेवा. त्यात थोडं पाणी, वर चढून बसायला वीट आणि अर्ध्या टबावर सावली. आठवड्यातून तीन-चारदा अर्धा तास सकाळचं चढतं ऊन. जवळ बसा, कावळे आणि मांजरं असतात. काचेची टाकी उन्हात ठेवू नका, आत शिजेल ते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ऊन कुठलं, तेव्हा दिवा लागतोच.

चुन्याबद्दल काय बोलायचं! गव्हाच्या दाण्याएवढ्या चुन्याने माणसांचे सगळे रोग घालवून झाले, आता कासवांचा नंबर. खायचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, चांगलाच दाहक अल्कली. विड्यात जास्त पडला तर जीभ भाजते हे माहीत नसलेला मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. तोच चुना दहा-पंधरा लिटरच्या टाकीत रोज टाकायचा आणि कासवाने उघड्या डोळ्यांनी चोवीस तास त्यात पोहायचं. बरं, कासव कॅल्शियम घेतं ते खाण्यातून. पाण्यात चुना कालवून कवच कडक व्हायला ती काय घराची भिंत आहे?

कॅल्शियम लागतं, हे मात्र फॉरवर्डवाल्याचं बरोबर आहे. वाढत्या पिल्लांना आणि अंडी घालणाऱ्या मादीला तर नक्कीच. नुसत्या बोनलेस चिकनवर वाढवलेल्या कासवाचं कवच मऊ पडतं, कडा वर वळतात, पाय लुळे होतात. त्या चिकनमध्ये फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो, आणि हवा असतो त्याच्या उलट हिशेब, कॅल्शियम साधारण दुप्पट. पण त्यासाठी गोळी नको, तिच्यात बहुतेक वेळा डी-३ मिसळलेलं असतंच. समुद्रफेस आणा. माकुलाच्या पाठीतलं ते पांढरं हाड, पक्ष्यांच्या दुकानात किंवा काष्ठौषधीवाल्याकडे स्वस्तात मिळतं. मागचा टणक पापुद्रा काढा आणि तुकडा पाण्यावर तरंगत सोडा. वाटलं तर कुरतडेल, नाही तर नाही. उकळून, वाळवून दळलेली अंड्याची टरफलंही चालतात, हेही कबूल. चांगल्या कंपनीचे पेलेट्स, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या, देत असाल तर त्यात कॅल्शियम, डी-३ आणि व्हिटॅमिन ए आधीच घातलेलं असतं. त्यावर आणखी शिंपडू नका.

उरलेले मुद्दे भराभर. डोळे सुजणं व्हिटॅमिन ए च्या कमतरतेने होऊ शकतं, खरं आहे. पण घाण पाण्याने आणि जंतुसंसर्गानेही होतं, आणि कॉड लिव्हर ऑइलमध्ये ए बरोबर पुन्हा डी असतंच. आधी पाणी बदला, मग कासवं बघणाऱ्या डॉक्टरला दाखवा. ए चा डोस जास्त झाला तर कातडी सोलून निघते. पालकात कॅल्शियम आहे, पण कॅल्शियमला जखडून ठेवणारं ऑक्झॅलेट इतकं की ते अंगी लागत नाही. दूध सरपटणाऱ्या प्राण्यांना पचत नाही. कवच म्हणजे वर नखासारखं आवरण आणि आत हाड; खोबरेल चोळून हाड बळकट होत असतं तर आजीचे गुडघे कधीच बरे झाले असते.

राहिलं ते तळं. मऊ कवचाचं, आजारी, माणसाने भरवलेलं कासव तळ्यात सोडणं म्हणजे त्याला मरायला सोडणं. आणि ते धडधाकट असेल तर आणखी वाईट, कारण रेड इअर स्लायडर जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जातींच्या यादीत आहे. इथल्या कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा ते बळकावतं. सांभाळणं जमत नसेल तर प्राण्यांच्या बचाव केंद्रात विचारा किंवा नीट सांभाळणाऱ्या कुणाला तरी द्या. आणि फोटोतलं ते चांदण्यांचं कासव खरंच कुणाच्या घरात दिसलं, तर वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. वहिनी, ग्रुपवरचा तो मेसेज डिलीट कर. सोनू, पुडी आजीच्या कपाटात परत ठेव आणि मला कासवाचा वरून एक आणि बाजूने एक असे दोन फोटो पाठव, कडा बघायच्या आहेत.