'त' म्हणजे आपला 'ला' नव्हे, हे मान्य. पुढचं नाही

रोजच्या वाक्यांतून हंगेरियन व्याकरण सांगणाऱ्या माझ्या लेखावर 'एक जुना वाचक' यांनी तीन आक्षेप घेतलेत. एक, हंगेरियनमध्ये कर्माला लागणारा 'त' हा प्रत्यय म्हणजे मराठी 'ला' हे माझं विधान चूक आहे. दोन, 'कर्म ओळखीचं असलं की क्रियापद बदलतं' हा नियम 'लात ॲंगॅम' ('तो मला पाहतो') या वाक्यापाशीच कोसळतो. तीन, तक्ते न देता कॉफी-केकच्या वाक्यांवर व्याकरण शिकवणं आणि वर मराठीशी तुलना करणं ही निव्वळ करमणूक आहे.

पहिला आक्षेप शंभर टक्के बरोबर. घाईत लिहिलं, चुकलं. हंगेरियनमध्ये कुठलंही नाम कर्म झालं की त्याला 'त' लागतो, मग कॉफी असो की कुत्रा. आपला 'ला' तसा सरसकट लागत नाही. आपण चहा पितो, चहाला पीत नाही.

पण चूक दुरुस्त करायला बसलो आणि तुमच्यामुळेच एक जास्त चांगलं उदाहरण हाती लागलं. 'रविवारी आम्ही मुलगी पाहिली' आणि 'रविवारी आम्ही त्या मुलीला पाहिलं'. पहिल्यात कांदेपोहे आहेत, दुसऱ्यात ती बसस्टॉपवर उभी असेल. 'ला' आला आणि क्रियापदानं लगेच मुलीची साथ सोडली: 'पाहिली'चं 'पाहिलं' झालं. म्हणजे कर्माकडे बघून रूप बदलणारं क्रियापद मराठी माणसाला परकं नाही. आपलं क्रियापद कर्माचं लिंग-वचन बघतं, तेही भूतकाळात. हंगेरियनला लिंगच नाही, 'तो' आणि 'ती' दोघांना एकच सर्वनाम. तिथलं क्रियापद विचारतं, 'कुठली तरी वस्तू, की ठरलेली?' कॅफेत बसल्यावर 'केरॅक एद्य कावेत', एक कॉफी द्या. उठताना 'केरॅम ऑ सामलात', बिल द्या. कॉफी कुठलीही चालते, बिल मात्र आपलंच हवं असतं, म्हणून 'केरॅक'चं 'केरॅम'.

आता दुसरा आक्षेप. 'लात ॲंगॅम' म्हणजे 'तो मला पाहतो'. माझ्याइतकं ओळखीचं मला दुसरं कोण असणार? तरी क्रियापद 'कुठली तरी वस्तू'वालंच. 'तो पेतॅरला पाहतो' म्हणायचं तर मात्र 'लात्त्यॉ पेतॅर्त', क्रियापद बदललं. तेव्हा 'ओळखीचं' हा माझा शब्द ढिला होता. विशेषनाम, 'ऑ' किंवा 'ऑझ' (इंग्रजी 'द'सारखा शब्द) लागलेलं नाम, 'तो-ती-ते' ही सर्वनामं, यांच्यासाठी ठरलेलं रूप. 'मला' आणि 'तुला' त्या यादीत नाहीत. त्यातही 'मी' कर्ता आणि 'तू' कर्म असेल तर तिसरंच रूप, 'सॅरॅतलॅक'. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' एवढं सगळं त्या एका शब्दात.

तुमच्या हातात आणखी एक काठी देतो. मिठाईच्या दुकानात बाई विचारतात, 'मित केर?', काय हवं? मी क्रेमॅश, म्हणजे क्रीम भरलेला केक, मागतो. काचेमागे तीन तऱ्हेचे क्रेमॅश. मग त्या म्हणतात, 'मॅयिकॅत केरि?', यातलं कुठलं? कुठलं ते त्यांना अजून माहीत नाही, तरी क्रियापद ठरलेल्या रूपात, कारण निवड समोरच्या तिघांतूनच व्हायची आहे. माझा 'ओळखीचं'वाला नियम इथेही आपटतो. पण हा बारकावा मला तक्त्यात दिसला नव्हता. तक्त्यात 'केर' आणि 'केरि' शेजारी शेजारी गुण्यागोविंदानं बसलेले होते. ते वेगळे का, हे काउंटरपाशी कळलं. म्हणून तिसरा आक्षेप मला मान्य नाही. तक्ते हवेतच, देईन, पण वाक्यांच्या नंतर.

आणि तुलनेबद्दल. 'कुत्यॉ' म्हणजे कुत्रा एवढ्यावरून मी नातं जोडलं असं तुम्ही म्हणता. जोडलेलं नाही, मूळ लेख पुन्हा बघावा. हंगेरियनचे जवळचे भाऊबंद खांती आणि मान्सी, उरल पर्वतापलीकडचे. आपल्या लोकांचं मूळ शोधत एक हंगेरियन विद्वान, कोरोशी चोमा शांदोर, पार लडाखपर्यंत आले होते. ते मूळ काही सापडलं नाही, पण 1834 मध्ये कलकत्त्याहून त्यांचा तिबेटी-इंग्रजी कोश आणि तिबेटी व्याकरण प्रसिद्ध झालं. त्यांची कबर दार्जिलिंगला आहे. मी नातं शोधत नाहीये, आपल्या कानाला जागा कुठे ओळखीची वाटते तेवढं दाखवतोय.

उदाहरणार्थ, हंगेरियन माणूस 'लोंदोनबॉन' राहतो, लंडन'मध्ये', पण 'बुदॉपॅश्तॅन', बुडापेस्ट'वर'. भारत'मध्ये', पण हंगेरी'वर'. परदेशी शहरांना 'मध्ये', स्वतःच्या बहुतेक गावांना 'वर', आणि दॅब्रॅत्सॅनसारखी काही गावं मध्येच उलटी. तुम्ही याला विक्षिप्तपणा म्हणालात. आपण कोकणात राहतो आणि देशावर राहतो, तेव्हा कोणी काही म्हणतं का?

'ला'चं वाक्य मूळ लेखातून काढलं आहे, 'ओळखीचं'च्या जागी 'ठरलेलं' केलं आहे. देशावरच्या उदाहरणाला हात लावलेला नाही.