पोटाचा पेस

पळणाऱ्या माणसांना एकमेकांशी बोलायला दोनच विषय लागतात : पेस आणि गुडघा. पेस म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं लागली, आणि गुडघा म्हणजे ती जास्त का लागली. आमच्या पुण्यातल्या तळजाई टेकडीवरच्या ग्रुपात गुडघ्याला फार मान आहे. लंगडत आलेल्या माणसाला लोक कठड्यावर जागा करून देतात, बर्फ सुचवतात, फिजिओचा नंबर देतात. टाच, पोटरी, खुबा, सगळ्यांची विचारपूस होते. पण ‘आज सकाळपासून मुरडा येतोय’ असं म्हटलं, की समोरचा माणूस घड्याळाचं बटण दाबून पळायला लागतो.

मला आयबीएस, म्हणजे ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’, आहे; मराठीत, चिडकं आतडं. दुर्बीण घालून झाली, रक्त तपासून झालं, सोनोग्राफी झाली, आणि प्रत्येक रिपोर्ट असा नॉर्मल आला की मीच ओशाळले. पोटविकारतज्ज्ञ म्हणाले, ‘‘आतड्याला काही झालेलं नाही. मेंदूचं आणि त्याचं आपसातलं बोलणं बिघडलंय.’’ म्हणजे अबोला, आणि तोही माझ्याच अंगात. जिवाला धोका नाही, पण पूर्ण जाईलच असंही नाही, तेव्हा सांभाळून घ्यायचं, असा एकंदर निकाल लागला.

सासूबाईंना हे निदान मान्य नाही. त्यांच्या मते हा वात आहे. ‘‘ओवा चाव, आणि पहाटे उपाशीपोटी रानोमाळ धावणं बंद कर,’’ हा त्यांचा इलाज. वैतागाची गोष्ट अशी, की त्या निम्म्या बरोबर आहेत. जोरात पळताना शरीर रक्ताचा ओघ पायांच्या स्नायूंकडे वळवतं आणि आतड्याचं रेशन कापतं. वर प्रत्येक पावलाला सगळं पोट हिंदकळतं. चांगल्या धडधाकट माणसांचंही आतडं अशा वागणुकीने बिथरतं; माझं तर आधीच रुसलेलं. ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफ यांना २००५ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये शेवटच्या काही मैलांत कळ आली. बाई रस्त्याच्या कडेला बसल्या, टीव्हीच्या कॅमेऱ्यांदेखत मोकळ्या झाल्या, उठल्या आणि २ तास १७ मिनिटं ४२ सेकंदांत पहिल्या आल्या. माझी त्यांच्यावर नितांत श्रद्धा आहे. फक्त त्या लंडनला होत्या. तळजाईवर बसायचं म्हटलं, तर पहिल्या झुडपामागे माझ्या मुलाचे गणिताचे सर प्राणायाम करत असतात.

पुरुषांचं बरं असतं. ते ‘जरा आलोच’ म्हणतात आणि खरोखर येतात.

तर अशा पोटाला घेऊन मी सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलं. साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि वळून तोच घाट उतरायचा. एकवीस किलोमीटर, पावसाळ्यात. आमच्या कोच सरांनी एक्सेलमध्ये वेळापत्रक पाठवलं. मंगळवारी चढ, गुरुवारी टेम्पो (म्हणजे दम लागेल असा वेग टिकवून पळणं), रविवारी लाँग रन, आणि शेवटी लाल अक्षरांत ‘टार्गेट : अडीच तासांच्या आत’. उत्तम वेळापत्रक होतं. फक्त ते पायांना पाठवलेलं होतं; आतड्याला सीसीमध्ये घेतलं नव्हतं.

मग आहारतज्ज्ञ झाल्या. त्यांनी मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात आखलेला ‘लो फॉडमॅप’ आहार दिला. काही साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, पुढे सरकतात, तिथले जंतू त्या आंबवतात आणि पोटाचा नगारा होतो. तेव्हा त्या साखरा काही आठवडे बंद, आणि नंतर एकेक पदार्थ परत आणून बघायचा. तत्त्व मला पटलं. मग यादी वाचली : कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध, सफरचंद, आंबा. हे संशोधन मेलबर्नमध्ये बसून नव्हे, आमच्या ओट्याशी उभं राहून केलेलं असावं. लोक आषाढात कांदेनवमी करून चातुर्मास पाळतात. माझा चातुर्मास ऐन एप्रिलमध्ये, आंब्याची पेटी घरात आलेली असताना, कांदेनवमी न करताच बसला. नवरा शेजारी बसून आमरस ओरपायचा आणि माझ्याकडे बघून म्हणायचा, ‘‘अगं, यंदा जरा आंबटच निघालाय.’’ लग्नात इतकं सुंदर खोटं दुसरं कुणी बोललं नसेल.

एकेक पदार्थ परत आणताना कळलं, की कांदा शिजवून थोडा चालतो, लसूण अजिबात नाही, आणि हिंगाने बरीचशी लाज राखली जाते. केळ्यात तर पोटभेद आहेत. कच्चट केळं निमूट उतरतं, ठिपके पडलेलं पिकलं केळं गोंधळ घालतं. आणि शर्यतीत पाणपोईपाशी स्वयंसेवक प्रेमाने हातात कोंबतात ते नेमकं ठिपक्यांचं. एनर्जी जेलचंही तसंच. त्यातल्या फ्रुक्टोजने बाकीच्यांच्या अंगात शक्ती येते, माझ्या पोटात. सगळा ग्रुप शर्यतीच्या आदल्या रात्री पास्ता खातो. मी गुरगुट्या भात, तूप, मीठ खाते. शेजारच्या टेबलावर बसलेल्या दोन वर्षांच्या मुलाचंही तेच ताट असतं, आणि तोसुद्धा माझ्याकडे दयेने बघतो.

खरा बदल झाला तो रस्त्यांत. पूर्वी मी सिंहगड रोडने सरळ खडकवासल्याकडे सुटायचे. धरणावर सूर्योदय वगैरे. आता सूर्योदय असलेले पण शौचालय नसलेले सगळे रस्ते बाद. माझ्या डोक्यात पुण्याचा वेगळाच नकाशा तयार आहे : कुठलं स्वच्छतागृह पहाटे उघडतं, कुठल्या पेट्रोल पंपावरचा माणूस किल्ली देतो, कुठल्या पंपावरचा नुसताच ‘नाही’ म्हणतो. मोठं अंतर एका दमात तोडायच्या ऐवजी मी छोट्या फेऱ्या मारते, आणि प्रत्येक फेरी एका खात्रीच्या दारावरून जाते. त्यातलं सर्वांत खात्रीचं दार सहकारनगरातल्या मावससासूबाईंचं. लग्नानंतर मी त्यांच्याकडे हळदीकुंकवापलीकडे फिरकले नव्हते. आता दर रविवारी सहाच्या आत हजर. त्यांना वाटतं, सून फार लाघवी निघाली. त्या नात्यात सगळ्यांना माझं उदाहरण देतात. मी बाहेर आले की दुधाचा, साखरेचा, घट्ट चहा तयार असतो. तो प्यायला तर दुसऱ्या फेरीलाही यावं लागतं, नाकारला तर दार जातं. मी अर्धा पिते.

अडीच तासांचं काय? ते मी सोडून दिलं, आणि मला त्याचं सुतक नाही. घाट चढताना चालायचं ठरवलंय. नाडी खाली राहिली की आतडंही जरा शांत राहतं, आणि चढावर चालणारे लोक गप्पाही बऱ्या मारतात. पहाटे लवकर उठून आधी काहीतरी खायचं, कारण खाल्लं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं, आणि ते त्याने घरी हलावं. आयोजकांना ईमेलही पाठवला : मार्गावर महिलांसाठी शौचालयं नेमकी कुठे आहेत? उत्तर लगेच आलं. मेडलचं डिझाइन जोडलेलं होतं.

डॉक्टरांनी मला ब्रिस्टल तक्ता दिलाय. १९९७ साली इंग्लंडमधल्या दोघा डॉक्टरांनी शौचाचे सात प्रकार चित्रांसह मांडून ठेवले. एक म्हणजे लेंड्या, चार म्हणजे आदर्श, सात म्हणजे नुसतं पाणी. रोजचा आकडा नोंदवायला सांगितलं होतं. वेगळी वही कोण ठेवणार, म्हणून सरांच्या एक्सेलमध्येच अंतर, वेळ, नाडी यांच्या पुढे एक रकाना वाढवला. मथळा द्यायला मात्र जीव धजला नाही.

गेल्या रविवारी सरांचा फोन आला. आवाजात कौतुक होतं.

‘‘ताई, पळताना किती मेहनत पडली त्याचा दहापैकी आकडा तुम्ही मी न सांगता लिहायला लागलात, फार आवडलं. असं कुणी करत नाही.’’

मी ‘हं’ म्हटलं.

‘‘पण सारखे तीन-चारवरच थांबताय. फार जपून चाललंय. घाटाच्या आधी एकदा तरी सहा-सातपर्यंत जायला हवं. या रविवारी जमेल ना?’’

मी म्हटलं, ‘‘सर, मावससासूबाईंना विचारून सांगते.’’