लाल शेवाळ आणि ‘92 खनिजांचा’ मेसेज

आमच्या वाड्यावरच्या बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतोय. ‘दर्यातल्या लाल शेवाळात शरीराला लागणाऱ्या 102 पैकी 92 खनिजं असतात. थायरॉईड मुळापासून बरा होतो, कर्करोगाची गाठ विरघळते. गोव्याच्या खडकांवर हे फुकट मिळतं आणि शेती केली तर खत नको, मेहनत नको, 45 दिवसांत पैसा.’ हे वाचून माझ्या मावशीने थायरॉईडची गोळी तीन आठवडे बंद ठेवली. पाय सुजले तेव्हा घरात कळलं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

102 हा आकडा पोषणशास्त्रात कुठेच नाही. माणसाला आवश्यक ठरलेली खनिजं वीसेक आहेत. मूलद्रव्यं क्रमाने मोजत गेलं तर 92वं युरेनियम येतं, आणि त्याच्या आधी आर्सेनिक, पारा, शिसं येऊन गेलेलं असतं. ती पोटात जावीत असं कोणालाच वाटणार नाही. शेवाळ मात्र पाण्यात असेल ते शोषतं, त्यामुळे बंदराजवळचं किंवा सांडपाण्याच्या तोंडावरचं शेवाळ खाऊच नये.

थायरॉईडचं प्रकरण सगळ्यात धोक्याचं. शेवाळात आयोडीन असतं हे खरं. पण मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे 150 मायक्रोग्रॅम पुरतं, आणि आपल्या घरात आयोडीनचं मीठही आहे, मासळीही आहे. शेवाळातलं प्रमाण जातीप्रमाणे आणि जागेप्रमाणे प्रचंड बदलतं. जास्त झालं तर थायरॉईड मंदावतो, कोणाचा भडकतोही. मावशीला कमी पडतं ते ग्रंथीत तयार होणारं संप्रेरक, आणि गोळीत तेच असतं. शेवाळात ते नाही.

कर्करोगाबद्दल थोडक्यात. काचेच्या बशीतल्या पेशींवर शेवाळाच्या अर्काचा परिणाम दिसणं आणि माणूस बरा होणं यात फार अंतर आहे. दुसऱ्या आजाराचं उदाहरण घ्या. लाल शेवाळातल्या कॅराजीनन या दाटपणा आणणाऱ्या पदार्थाने प्रयोगशाळेत एचआयव्हीला रोखलं होतं. पुढे दक्षिण आफ्रिकेत 6 हजारांहून अधिक स्त्रियांवर त्याच्या जेलची चाचणी झाली. 2008 मध्ये निकाल आला: संरक्षण मिळालं नाही.

याचा अर्थ लाल शेवाळ निरुपयोगी असा मुळीच नाही. ते आपल्या स्वयंपाकघरात कधीचंच आहे. चायना ग्रास म्हणजे लाल शेवाळातलं आगर. उकळत्या पाण्यात विरघळतं, चाळीसेक अंशांखाली घट्ट होतं, आणि एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळायला 85 अंशांच्या आसपास उष्णता लागते. म्हणून मे महिन्यातल्या उकाड्यातही ताटलीतली वडी ताठ राहते. जिलेटिनची राहत नाही. याच गुणामुळे 1881 च्या सुमारास फॅनी हेसे या बाईंनी जंतू वाढवायला आगर वापरण्याची सूचना केली. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेने ती उचलली, आणि आजही रोगजंतू वाढवून तपासायला आगरचा थर वापरतात. एका गृहिणीच्या स्वयंपाकघरातली ही गोष्ट मला त्या 92 खनिजांपेक्षा कितीतरी मोठी वाटते. आइस्क्रीम आणि टूथपेस्ट दाट ठेवायलाही कॅराजीनन लागतं.

‘खडकांवर फुकट’ म्हणणाऱ्यांनी हणजुणे, वागातोरच्या खडकांवर ओहोटीला जाऊन बघावं. त्या झुबक्यांत खेकड्यांची, कोळंबीची पिल्लं लपलेली असतात. मुळासकट ओरबाडलं तर ती जागा उघडी पडते.

आता शेती. 45 दिवसांचा आकडा खोटा नाही, पण तो तमिळनाडूतल्या मंडपमच्या बाजूचा, शांत उथळ पाण्यातला. तिथे कप्पाफायकस ही मूळची फिलिपीन्सकडची जात बांबूच्या तराफ्यावर वाढवतात. प्रत्येक तुकडा हाताने दोरीला बांधायचा, वर चढलेलं दुसरं शेवाळ काढायचं, मासे खातात ते सांभाळायचं. दहा किलो ओल्याचं सुकून जेमतेम किलोभर उरतं. तिथेही 2013-14 मध्ये मोठ्या प्रमाणावर शेवाळ मेलं.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर दर्या खवळलेला असतो, तराफा टिकणं कठीण. मांडवी-झुआरीच्या मुखात पावसाळ्यात पाणी इतकं गोडं होतं की ही जात तिथे जगत नाही. हाताशी उरतात ते ऑक्टोबर ते मे हेच महिने. शिवाय मंडपमजवळच्याच मन्नारच्या आखातात कुरुसडाई बेटाजवळ हे शेवाळ जिवंत प्रवाळांवर पसरल्याची नोंद 2008 मध्ये झाली आहे. आपल्याही ग्रांद बेटाजवळ प्रवाळ आहेत. करायचंच तर इथल्याच ग्रासिलारियासारख्या जातींचा प्रयोग आधी लहान प्रमाणात करावा, दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या माणसांना विचारून. बचत गटाने बांबू-दोरीवर पैसे घालण्याआधी सुकलेला माल कोण घेणार आणि काय दराने, हे त्याच्याकडून लेखी घ्यावं. मेसेजमध्ये घेणाऱ्याचा उल्लेखच नाही.