रेटिंग ठेव तुझ्यापाशी, लाईट गेल्यावर कोण थांबलं ते सांग

आज सकाळी टपरीवर चहा घेऊन राह्यलो होतो तं आपल्याच गावचं एक पोट्टं, पुण्याले शिकते, सुट्टीत आलं हाय, माझ्याकडे पाहून म्हणते, "काका, आठच्या खाली रेटिंग असलं तं मी पिक्चर पाहतच नाई." बरं बापा, नको पाहू, तुझा डेटा, तुझे डोळे. पण एवढ्यावर थांबंन तं तो पोट्टा कायचा. मोबाईल काढून त्यानं एक यादी दाखवली, मराठीतले सगळ्यात भारी दहा पिक्चर, कोण्या तरी पेजवर कोणीतरी टाकलेली. मी फक्त एवढंच म्हटलं का बाबू, यात माहेरची साडी नाई. तं फिदीफिदी हासला. म्हणते, "काका, क्रिंज हाय ते."

क्रिंज! म्हणजे पाहतानाच लाज वाटावी असं.

अर्धा चहा टाकून दुकानात आलो. सकाळपासून डोक्यातून जाऊन नाई राह्यलं म्हणून लिहून राह्यलो. लांब होईन. ज्याले वाचायचं त्यानं वाचा, बाकीच्यांनी लाईक मारून निघा, नेहमीसारखे.

माझं मोजमाप एकच हाय अन् ते कोणत्याच साईटवर नाई. पिक्चर चालू असताना लाईट गेली, तं लोकं उठून घरी गेले का तिथंच बसून राह्यले. झालं. ज्याच्या घरी जन्मापासून इन्व्हर्टर हाय त्याले हे समजणार नाई अन् समजावत बसायले मले टाईम पण नाई. तुम्हाले समजते. 2005 च्या पुढचे ते दिवस आठवा, 12-12 तास लोडशेडिंग, कोळसा आपल्या वणीतून जाते, वीज चंद्रपूर-कोराडीले बनते अन् अंधार आपल्या घरात. त्यावर लिहायले बसलो तं पिक्चर बाजूले राहीन, जाऊ द्या.

तं माहेरची साडी. 1991 चा पिक्चर, विजय कोंडकेचा, अलका कुबल त्यात. आमच्या गावात तो आला काही वर्षांनी, नवरात्रात. मंडळानं तालुक्यावरून भाड्यानं टीव्ही अन् व्हीसीआर आणला होता, सोबत एक ऑपरेटर, तो कॅसेट लावे अन् तिथंच टेबलाखाली झोपे. मी तवा हाफपँटीत. बायकांची गर्दी एवढी का ताडपत्री पुरली नाई, पोते टाकून बसल्या. आम्ही पोट्टे मारामारीचा पिक्चर पाहिजे म्हणून बोंबलत होतो तं आम्हाले हाकलून पार मागे, हनुमानाच्या पाराजवळ. अन् ऐन सासरचा छळ रंगात आला अन् गेली लाईट. टीव्हीच्या मधात एक पांढरा ठिपका राह्यला, मंग तो पण गेला.

आता पहा. मारामारीचा पिक्चर असता तं पाच मिनिटात पांगलो असतो सारे. इथं एक बाई उठली नाई. कोणीतरी कंदील आणला. आमच्या मोठमायनं तो पिक्चर आधीच यात्रेतल्या टुरिंग टॉकीजमध्ये पाह्यला होता, ती लागली पुढची ष्टोरी सांगाले, ते पण सासूचा आवाज काढून! अर्ध्या बायका म्हणे सांगू नको, अर्ध्या म्हणे सांग वं माय लवकर. लेकरं मांडीवर झोपले, दूध उतू जायचं ते गेलं असंन, पण उठलं कोणी नाई. याले म्हणते रेटिंग.

अन् हा परवाचा पोट्टा मले क्रिंज शिकवते. तुह्या आजीले विचार ना बे, ती होती तिथं पोत्यावर बसून, समोरच्या रांगेत. तिच्यासमोर म्हणून दाखव.

हो, तो पिक्चर मूळ एका राजस्थानी पिक्चरवरून घेतलेला हाय. हो, रडारड लय हाय. मान्य. पुढे चला.

दोन नंबरले मी सैराट टाकतो. 2016 चा. ष्टोरी करमाळ्याकडची, आपल्याकडची नाई, तरी टाकतो. तालुक्याच्या टॉकीजले पाह्यला, झिंगाटले लोकं खुर्च्यांवर उभे. अजय-अतुलनं ती गाणी पार लॉस एंजेलिसले जाऊन वाजवून घेतली अन् इकडे आमच्या वरातीत फाटक्या कर्ण्यावर वाजते तरी अंगात येते लोकांच्या, हे काय साधं काम हाय का. पण नंबर गाण्यासाठी नाई दिला. शेवटी आवाजच बंद होते ना, तवा मागून एकानं ऑपरेटरले शिवी हाणली, साऊंड गेला म्हणून. मंग त्याचा पण आवाज बंद झाला. कोणी उठंना. लाईट लावल्या तरी उठंना.

शोले तीन नंबर. 1975 पासून पाहून राह्यले लोकं, त्यावर मी काय नवीन लिहू.

सूर्यवंशमले स्पर्धेत घेत नाई. 1999 पासून तो टीव्हीवर चालूच हाय, लाईट गेली काय अन् आली काय, परतून पाह्यलं तं हिरा ठाकूर हायच तिथं.

कोर्ट त्या पोट्ट्याच्या यादीत होता, अन् असलाच पाहिजे. भारतानं ऑस्करले पाठवला होता. त्यातला शाहीर, वीरा साथीदार, आपल्या नागपूरचा माणूस, 2021 मध्ये कोरोनात गेला. फक्त एक सांगतो, रागावू नका, तो पिक्चर इतका सावकाश चालते का मधात लाईट गेली असती तं आमच्या गावात घडीभर कोणाले समजलं नसतं.

झुंड. 2022. नागपूरचाच. पोस्टरवर अमिताभ मोठा होता पण पिक्चर त्या झोपडपट्टीतल्या पोट्ट्यांचा हाय. ते जसे बोलते तसं मी पडद्यावर अगोदर ऐकलंच नव्हतं, आपल्यासारखं बोलणारा माणूस हिरो हाय अन् लोकं त्याच्यावर हासून नाई राह्यले. नाई तं आपली बोली कोणाले द्यायची, गड्याले, दारुड्याले, नाई तं येड्या चौकीदाराले. या गोष्टीची मले जी चीड हाय ती मी इथं पुरी लिहू शकत नाई, घरच्या बायका पण फेसबुकवर हाय. भारत गणेशपुरेनं अमरावतीकडची बोली टीव्हीवरून घराघरात नेली, मानलं त्या माणसाले, पण तिथं पण हासवायलेच ना. वरातीत पुण्याचा पाहुणा मले म्हणते, "बोला ना तुमच्या भाषेत काहीतरी." मी काय जत्रेतला पाळणा हाव का, पैसा टाकला का फिरलो?

बरं. गाभ्रीचा पाऊस.

याले मी नंबर देऊन नाई राह्यलो. 2009 चा हाय, सतीश मनवरचा. गिरीश कुलकर्णी अन् सोनाली कुलकर्णी. शेजारच्यानं जीव दिला म्हणून बायकोच्या मनात भीती भरते, आपला माणूस पण तसंच करीन, तं ती लेकराले त्याच्या मागे मागे पाठवते, लक्ष ठेव म्हणून, अन् घरात गोडधोड करून घालते त्याले. तो तं बिचारा पाऊस कवा येते एवढंच पाहून राह्यला. मधात मधात हासू पण येते. आमच्या गावात हा कोण्या मंडळानं कधी लावला नाई अन् लावणार पण नाई. मी मोबाईलवर पाह्यला, एकटा, अन् अर्ध्यात बंद केला. लाईट होती. बॅटरी फुल होती. अंगणात कापसाची गाडी भरून उभी होती, सकाळी जिनिंगले न्यायची. उरलेला अर्धा मी दुसऱ्या साली पाह्यला. आता याले किती स्टार देऊ सांगा. माझ्या मोजमापात बसत नाई तो. बसला नाई तं नाई, राहू द्या त्याले बाहेर.

आता गेमवर येतो, कारण पोट्ट्यानं तिथं पण तोंड उघडलं होतं. "काका, तुमच्या काळात ग्राफिक्सच नव्हते."

एक नंबर गेम साप. नोकियाच्या 1100 मधला. यावर वाद नाई.

शेतीची लाईन आपल्याले रात्री मिळे. हरभऱ्याले ओलीत करायचं तं रात्री अकरा-बाराले वावरात जा, थ्री फेज आलं का मोटर चालू करा, गेलं का बसा विहिरीपाशी. थंडी, साप-विंचवाची भीती, रानडुकरं. अन् हातात 1100, समोरून टॉर्च. तो मोबाईल 2003 ले आला, जगात 25 कोटींच्या आसपास खपला म्हणते, मले वाटते त्यातले अर्धे आपल्याच वावरात फिरत होते. बॅटरी चार-चार दिवस चाले. गावात लाईट नाई, डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर जळालेला, वायरमन फोन उचलत नाई, अन् मी अन् माझा चुलत भाऊ धुऱ्यावर बसून खेळून राह्यलो, एकाचा साप मेला का दुसऱ्यानं घ्यायचा. लाईट गेल्यावर जो गेम सुरू होते तो एक नंबर नाई तं कोण एक नंबर? ग्राफिक्स म्हणते.

दोन नंबर मुस्तफा. त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमनं 1993 मध्ये काढलेला, पण हे नाव कोणाले माहीत होतं, तालुक्याच्या स्टँडमागे पत्र्याच्या खोलीत दोन मशिनी होत्या अन् सारे मुस्तफाच म्हणे. एका रुपयाचं नाणं. लाईट गेली का रुपया बुडाला, मालक परत देत नसे, नाव नाई सांगत त्याचं, माणूस आता मोठा झाला हाय. तरी आम्ही अंधारात मशीन धरून उभे, कोणी दुसरा घुसू नये म्हणून. शेवटच्या एसटीचा हॉर्न वाजे तरी उभे. पहा, ऑपरेटर झोपलेला अन् बायका बसलेल्या, तसंच हे.

तीन नंबर कॉन्ट्रा. टीव्हीचा गेम, कॅसेट फुंकून लावायची. सेव्ह-बिव्ह काही नव्हतं, लाईट गेली का पुन्हा पहिल्यापासून, तरी कोणी उठत नसे, कारण तीस जीवांचा कोड ज्याले पाठ हाय तोच राजा. आमच्यात तो कोड एकालेच येत होता अन् तो बोटं झाकून दाबे, हरामखोर.

पब्जी मी यादीत घेतला नाई म्हणून आता शिव्या पडणार. पडू द्या. 2 सप्टेंबर 2020 ले सरकारनं बंद केला तवा आमच्या गल्लीत जे सुतक होतं ते मी पाह्यलं हाय, दुसऱ्या वर्षी नवीन नावानं आला तं पुन्हा तेच. पण गावातली लाईट गेली का थोड्या वेळानं टॉवर पण बसते, अन् टॉवर बसला का सारे पोट्टे दोन मिनिटात आपापल्या घरी. म्हणजे काय झालं? नापास. लॉकडाऊनमध्ये त्यानंच पोट्ट्यांले धरून ठेवलं हे खरं हाय, चला, उत्तेजनार्थ बक्षीस देतो.

गाण्यांचं लवकर आटोपतो, दुकानात गिऱ्हाईक आलं हाय. पयलं तुकडोजी महाराजांचं खंजेरी भजन. त्याले लाईटच लागत नाई, माईक बंद पडला तं उलट जास्त रंगते, मोझरीले गुरुकुंजात जाऊन पहा एकदा. त्याच्यानंतर अकोल्याच्या विठ्ठल वाघांचं काळ्या मातीतलं तिफनीचं गाणं, आमच्या बापाले दुसरं गाणंच येत नव्हतं अन् हे पण अर्धंच येत होतं. त्याच्यानंतर सुरेश भट. अमरावतीचा माणूस. सिंहासन पिक्चरसाठी त्याची उषःकालची कविता घेतली, आशाबाईनं म्हटली, ते गाणं मोर्चात म्हणते लोकं, अन् मोर्चात कुठं इन्व्हर्टर असते. डीजेवाल्या गाण्यांले नंबर नाई. जनरेटर बंद पडला का नवरदेव बी घोड्यावर गपचिप बसते, पाह्यलं हाय तुम्ही.

हे एवढं लिहून झालं अन् बायकोले वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं. म्हणते, "बाकी ठीक हाय. अशी ही बनवाबनवी कुठं हाय?" मी म्हटलं, तो 1988 चा चांगला हाय, पण रोज टीव्हीवर लागते, तो सूर्यवंशमच्या गटात जाते. ती म्हणते, "माह्या माहेरी तो लावला होता गणपतीत, तवा लाईट गेली होती अर्ध्यात. कोणी थांबलं का गेलं, हे विचारूच नका. पोट्ट्यांनी उभं राहून पुरा पिक्चर अंधारात करून दाखवला, अशोक सराफ वेगळा, लक्ष्या वेगळा, माह्या भावानं सचिनची बाई केली होती. लाईट आली तं लोकं म्हणे बंद करा टीव्ही, यांचंच पाहू द्या."

आता तुम्हीच सांगा यावर मी काय बोलू. माझंच मोजमाप माझ्यावर फिरवलं बाईनं. मी म्हटलं मोठमायनं पण तं ष्टोरी सांगितलीच होती. तं म्हणते, "सांगितली. केली का?"

एक नंबरवरून माहेरची साडी मी काढणार नाई म्हणजे नाई, मोठमाय वरून पाहत असंन. बनवाबनवी पण आता बाहेर ठेवता येत नाई, रात्रीचं जेवण घरीच हाय. तं असं केलं, एक नंबरवर दोघांचंही नाव चढवलं, सामायिक सातबाऱ्यासारखं. सैराट, तू दोनवरच राह्य. पुण्याच्या पोट्ट्याले टॅग केलं हाय.