नाद सोडला, नेम धरला

एन, ए, डी ही तीन इंग्रजी अक्षरं असलेला ॲम्प्लिफायर हातात आला की मराठी माणूस तोंडाने ‘नॅड’ म्हणतो आणि मनात ‘नाद’ वाचतो. १९७२ साली लंडनमध्ये कंपनी काढणाऱ्यांना मराठी येत नसावं, तरी नाव अचूक पडलं. नाद म्हणजे ध्वनी, आणि नाद म्हणजे जो लागला की पगार पुरत नाही तो. दुसरी कंपनी सॉल्सबरीची, १९७३ची. ज्यूलियन व्हेरेकर नावाच्या, आधी मिनी मोटारी शर्यतीत पळवणाऱ्या गृहस्थांनी काढलेली. तिचं नाव ‘नेम’. हेही अचूकच. नाद आपोआप लागतो, नेम पाळावा लागतो.

नॅड काढून त्या जागी नेम बसवणं हे काम बाहेरच्या माणसाला मिक्सर बदलण्याइतकं सोपं वाटतं. जुना उचला, नवा ठेवा, वायरी लावा, चहा प्या. मिक्सर बदलला की जुनी भांडी नव्यावर बसत नाहीत, हे तो सोयीस्करपणे विसरतो. हायफायमध्ये तर प्रत्येक कंपनी म्हणजे एक घर आणि प्रत्येक घराचा कुळाचार वेगळा. ॲम्पची किंमत दुकानदार सांगतो. कुळाचाराची कोणी सांगत नाही.

नॅडचं घर मोकळंढाकळं. ३०२० हा त्यांचा १९७८चा गाजलेला ॲम्प, एरिक एडवर्डसन यांनी आखलेला. कागदावर चॅनेलला २० वॉट, पण तबल्यावर थाप पडली की अंगात आल्यासारखा क्षणभर त्याच्या दुप्पट देणारा. बास, ट्रेबल, लाउडनेस सगळं समोर मांडलेलं, ज्याला जसं रुचेल तसं घ्या. नेमच्या तोंडावर टोन कंट्रोलच नसतात. पानात वाढलं तेवढंच जेवायचं, वरून मीठ मागायचं नाही.

म्हणून पहिली पायरी अदलाबदलीच्या आठ दिवस आधीची. जुन्या ॲम्पचे बास आणि ट्रेबल दोन्ही नॉब बारा वाजता आणा, लाउडनेस बंद करा आणि तसंच ऐका. बासचा नॉब गेली दहा वर्षं दोन वाजताच उभा होता, हा शोध निम्म्या लोकांना इथे लागतो. हे व्यसन आधी सुटलं नाही तर सगळा आळ नव्या सुनेवर: ‘बास नाही हो याच्यात.’

काढताना ॲम्प बंद करून पाच मिनिटं थांबायचं, कारण आतले मोठे, वीज साठवणारे कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत. मग प्रत्येक वायरीला चिठ्ठी. आणि जुन्या नॅडच्या मागे ‘प्री-आउट’ आणि ‘मेन-इन’ या सॉकेटांना जोडणाऱ्या, इंग्रजी यू आकाराच्या दोन धातूच्या पिना असतात, त्यांना हात लावायचा नाही. त्या उपसल्या की आतल्या प्रीॲम्पचा (आवाज कमी-जास्त करणारा भाग) आणि पॉवर ॲम्पचा (स्पीकर हलवणारा भाग) काडीमोड होतो. दिवे लागतात, नॉब फिरतात, आवाज नाही. अशा स्थितीत कित्येक ॲम्प ‘गेला’ म्हणून दुरुस्तीला जातात आणि दोन आरसीए वायरींचे वीतभर तुकडे लावले की जिवंत होऊन परत येतात. बिलात तुकडे लिहिलेले नसतात.

आता नेमचं सोवळं. आपल्या सगळ्या वायरी आरसीएच्या, लाल आणि पांढऱ्या. जुन्या नेमचं तोंड त्यांना दिसतच नाही, कारण तिथे बहुतेक डिनची गोल सॉकेटं. (नव्यांत आरसीएही देतात. घराणं जरा सैल झालंय.) पाच पिनांचा डिन, अर्धवर्तुळात मांडलेला. याच तोंडवळ्याचा दुसराही एक डिन मिळतो, त्यात पिना जास्त पसरून २४० अंशांत बसवलेल्या असतात. तो इथे चालत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत ‘डिन वायर द्या’ म्हटलं की पुष्कळदा पुढे येते ती कीबोर्डवाल्यांची मिडी वायर. ती नेमच्या सॉकेटात मात्र झकास बसते, हीच तिची गोची. मिडीला २, ४ आणि ५ एवढ्याच पिना लागतात. नेममध्ये २ म्हणजे अर्थ (अर्थिंगवाला), ३ म्हणजे डावा, ५ म्हणजे उजवा. मिडी वायरीत ३ नंबरला बहुतेकदा तारच नसते, म्हणजे घरी येऊन लावलं की डावा स्पीकर मौनव्रतात. मग माणूस स्पीकर बदलून बघतो, सीडी प्लेयरला शिव्या घालतो, शेवटी कानाच्या डॉक्टरचा नंबर शोधतो.

दुसरी सापळ्याची वायर म्हणजे एका टोकाला डिन आणि दुसऱ्या टोकाला चार आरसीए. ही टेपरेकॉर्डरच्या जमान्यातली: दोन ऐकण्याच्या, दोन रेकॉर्ड करण्याच्या. आपल्याला हव्यात ३ आणि ५ वर गेलेल्या. रंगावर विश्वास ठेवू नका, प्रत्येक कारखान्याची रंगपंचमी वेगळी. मल्टिमीटर बीपवर ठेवून कोणता आरसीए कुठल्या पिनेला जातो ते बघा, नको त्या दोघांना टेप गुंडाळून मागे सोडून द्या.

स्वतः सोल्डर करणार असाल तर एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. डिनच्या पिनांचा क्रम सरळ नाही. अर्धवर्तुळात तो १-४-२-५-३ असा जातो, मधोमध २. आणि प्लग सोल्डरच्या बाजूने पाहिला की समोरून दिसतो त्याच्या आरशातला दिसतो. चित्र समोरून आणि काम मागून केलंत, तर डावा जातो १ वर, उजवा जातो ४ वर. त्या रेकॉर्डिंगच्या पिना. काम सुबक, टाके चकचकीत, आवाज शून्य. प्लगचं आतलं प्लास्टिक उष्णता सोसत नाही. पिन गरम झाली की ती डुलक्या काढायला लागते आणि गार झाल्यावर तिरकीच झोपते. म्हणून एखादं जुनं डिन सॉकेट मिळवा, प्लग त्यात खोचा आणि मग टाका द्या. २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न, दोन सेकंद, झालं. आणि पाचवा टाका छान बसल्यावर आठवतं की प्लगचं टोपण आधी वायरीत ओवायचं राहिलं. याला उपाय नाही. सगळे टाके उकला, टोपण ओवा, पुन्हा घाला. जगातल्या एकाही सोल्डर करणाऱ्याला हे चुकलेलं नाही. ज्याला चुकलं तो खोटं बोलतो.

स्पीकरच्या वायरीत तर नेमचा खरा कर्मठपणा. बहुतेक कंपन्या ॲम्पच्या बाहेर जाण्याच्या वाटेवर तारेचं एक छोटं वेटोळं ठेवतात. स्पीकरच्या वायरीने काही आगळीक केली तरी ॲम्पचं डोकं शांत राहावं म्हणून. नेमच्या पारंपरिक आखणीत हे वेटोळं नाही. त्याचं काम स्पीकरची वायरच करते. त्यांची स्वतःची वायर मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री एवढं इंडक्टन्स, म्हणजे वेटोळ्याचा गुण, धरते, म्हणून प्रत्येक बाजूला किमान ३.५ मीटर, आणि दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या. आता दहा बाय बाराच्या हॉलमध्ये शोकेसपासून डावा स्पीकर दीड मीटरवर असतो. उरलेले दोन मीटर करायचे काय? गुंडाळून ठेवायचे नाहीत. जमिनीवर नागमोडी सोडायचे. ही वायर चांगली जाड आणि ताठ. केर काढणाऱ्या मावशी तिला रोज झाडूने सरळ करणार आणि तुम्ही रोज पुन्हा नागमोडी. सवयीने होतं.

नॅडला लावलेली लाल-काळी २.५ चौरस मिलिमीटरची साधी वायर इथे पुरेशी लांब असेल तर सहसा निभावते. भीती आहे ती गुंफलेल्या, चमचमत्या, महागड्या वायरींची. त्यांचं कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवून धरण्याची खोड, जास्त असतं. अशी वायर लावली की ॲम्प कानाला ऐकू न येणाऱ्या वरच्या सुरात स्वतःशीच गायला लागू शकतो. ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. हात लावला की पेटी तव्यासारखी. म्हणजे स्वस्त वायर तारते आणि महाग वायर मारते. हे हायफायच्या व्यवहारात क्वचितच घडतं, तेव्हा आनंद घ्या.

टोकाला केळं हवं. बनाना प्लगला सगळे केळंच म्हणतात. नॅडच्या पेचाखाली उघडी तार पिळून अडकवली की काम व्हायचं. नेमच्या मागे पेच नाहीतच, नुसती चार मिलिमीटरची भोकं. बाकीच्या कंपन्यांच्या पेचांतही केळ्याचं भोक असतं, पण ते पुष्कळदा प्लास्टिकच्या बुचाने बंद केलेलं असतं. कारण मजेशीर आहे. युरोपातल्या दोन पिनांच्या प्लगच्या पिना चार मिलिमीटरच्या आणि त्यांच्यात १९ मिलिमीटरचं अंतर, म्हणजे स्पीकरची दोन केळी सरळ भिंतीतल्या विजेत जाऊ शकतात. आपल्याकडच्या दोन पिनांच्या सॉकेटलाही या केळ्यांचं वावडं नाही. घरात उत्साही पोर असेल तर हे लक्षात ठेवा.

तार सोलल्यावर एखादा धागा बाहेर राहतो, मिशीसारखा. ती मिशी शेजारच्या टोकाला टेकली की ॲम्पचे आउटपुट ट्रान्झिस्टर संपले. म्हणून प्रत्येक टोक पिळायचं, भिंगातून बघायचं. एका स्पीकरचं प्लस-मायनस उलटं झालं तर काही जळत नाही, फक्त खर्ज पळून जातो आणि गवई दोन स्पीकरच्या मधे न बसता खोलीभर हिंडायला लागतो. शंका आली तर वायर ॲम्पमधून काढा आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टोकांना टेकवा. सेलचं प्लस स्पीकरच्या लालला लागलं असेल तर कोन बाहेर उसळतो. दोन्ही स्पीकर एकाच दिशेने उसळले की झालं.

सुरू करण्याचा क्रम: आधी सीडी प्लेयर वगैरे, सर्वांत शेवटी ॲम्प. बंद करताना ॲम्प पहिला. व्हॉल्यूम शून्यावर.

मग येते गुणगुण. ती कुठून येते ते आधी ओळखा. पेटीतून येत असेल तर ती आतल्या टोरॉइडची. टोरॉइड म्हणजे कडबोळ्यासारखा गोल ट्रान्सफॉर्मर, स्वभावाने हळवा. चौकोनी लहरीचा स्वस्त इन्व्हर्टर सुरू झाला की तो घुमतो. स्पीकरमधून किरकिर येत असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर फिरवून बघा. पाचवर ठेवल्यावर गेली तर चोर सापडला. मे महिन्यात पुण्यात हा उपाय आनंदाने करता येतो, जानेवारीत कुटुंबाचं मत घ्यावं. आणि सलग, जाड घुरघुर असेल तर अर्थिंग. नेमच्या सिस्टिममध्ये संगीताचा अर्थ एकाच जागी, म्हणजे सीडी प्लेयरसारख्या सोर्सपाशी, भिंतीच्या अर्थला जोडलेला असतो. ॲम्पची पेटी अर्थ होते, सिग्नल नाही. सोर्स दोन पिनांच्या अडॅप्टरवर चालणारा असेल तर सगळा संसार लोंबकळत राहतो, आणि अर्थ झालेले सोर्स दोन झाले तर भांडण. नेमच्या काही प्लेयरांना मागे यासाठी खटकाच असतो: एक बाजू ‘चेसिस’ (अर्थला जोडलेली), दुसरी ‘फ्लोटिंग’ (सुटी). अर्थाची पिन तोडणं हा उपाय कोणी सुचवला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या: फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीनच्या आत. जुन्या वाड्यात अर्थ ही कित्येकदा सॉकेटाच्या तिसऱ्या भोकापुरतीच असते. त्याच्या मागे भिंत.

एवढं पार पडलं की पहिलं गाणं, आणि पहिला उद्गार: ‘काय ताकद आहे! नऊ वाजताच घर हललं!’ नॉब नऊ वाजता असणं म्हणजे ताकद नव्हे. सीडी प्लेयर दोन व्होल्ट पाठवतो, आणि बऱ्याच ॲम्पना पूर्ण जोर लावायला काही शे मिलिव्होल्ट पुरतात. कोणाचा नॉब लवकर धावतो, कोणाचा उशिरा. पन्नास वॉटचे शंभर केले तरी फरक तीन डेसिबलचा. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात.

म्हणून जुना खरा की नवा, याचा निवाडा कानाआधी मीटरने करावा, असं माझं मत आहे. ते मांडल्यावर आमच्या मंडळींत माझ्याशी कोणी तासभर बोलत नाही. १०० हर्ट्झचा सूर वाजवा (साधे मल्टिमीटर वरच्या सुरांना चुकीचं मोजतात), जुन्या ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवर एसी दोन व्होल्ट येईपर्यंत आवाज वाढवा. नव्यावर तेवढेच दोन व्होल्ट आणा, दोन टक्क्यांच्या आत. फरक ०.२ डेसिबलपेक्षा कमी राहतो. एवढं जुळवलं नाही तर किंचित मोठा वाजणारा ‘गोड’ वाटतो आणि किंचित लहान वाजणारा ‘कोरडा’. जुळवल्यावर नुसता तानपुरा लावा, जवारी ऐका. मग डग्ग्याची मींड. नेमवाले ज्याला लय म्हणून नावाजतात ती ऐकायची असेल तर इथे. मीटर लावल्यावर पुष्कळशी जादू उतरते. जी उरते ती थोडी असते, पण तुमची असते.

जुना लगेच विकू नका, दोन महिने राहू द्या. विकायला काढाल तेव्हा कळेल की खोका माळ्यावर जपून ठेवलेला आहे आणि आतला थर्माकोल गायब. तो २०१८च्या बंदीच्या आधी कुठल्यातरी वर्षी गणपतीच्या मखरात गेला. मग ॲम्प गोधडीत गुंडाळायचा, ट्रान्सफॉर्मरची जड बाजू खाली येऊ द्यायची, आणि दोरी बांधण्याआधी मागे टॉर्च मारून त्या दोन यू पिना जागेवर आहेत ना, ते बघायचं.