बॅलन्स बघितल्याने पैसे जात नाहीत, आणि चुकीचा पिन तर टाकूच नका

तो मेसेज परत फिरायला लागलाय. "अनोळखी माणूस तुमच्या खात्यात ५००० रुपये टाकतो, मागोमाग पैसे काढायची रिक्वेस्ट पाठवतो, तुम्ही बॅलन्स बघायला यूपीआय पिन टाकला की रिक्वेस्ट मंजूर आणि खातं साफ. म्हणून आधी मुद्दाम चुकीचा पिन टाका किंवा अर्धा तास थांबा." २०२४ च्या शेवटी हे पहिल्यांदा जोरात फिरलं, जानेवारी २०२५ मध्ये एनपीसीआयने (यूपीआय चालवणारी संस्था) असं होऊच शकत नाही म्हणून खुलासा केला, तरी आमच्या फॅमिली ग्रुपवर या आठवड्यात दोनदा आलंय.

"बॅलन्सचा पिन रिक्वेस्ट मंजूर करतो" हे साफ चूक आहे. पिन टाकला की तो फक्त त्या एका कामासाठी बँकेकडे जातो, बाजूला पडलेल्या दुसऱ्या रिक्वेस्टला जाऊन चिकटत नाही. रिक्वेस्ट मंजूर करायची तर तुम्हाला स्वतः ती उघडून पे दाबावं लागतं आणि मग पिन टाकावा लागतो. एकदा नीट बघा, पैसे देताना पिनच्या पानावर वरती कोणाला आणि किती हे लिहिलेलं असतं, बॅलन्स बघताना तिथे रक्कम नसते. पिन टाकायच्या आधी नजर तिथे गेलीच पाहिजे, बाकी काही नाही जमलं तरी एवढं करा.

"कोणीही रिक्वेस्ट पाठवू शकतो" हे आधी खरं होतं. पण १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाने दुसऱ्याला कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे पैसे मागायची रिक्वेस्ट, पाठवायची सोयच बंद झालीये. काही व्यापाऱ्यांची रिक्वेस्ट आलीच आणि ओळखीची नसेल तर डिक्लाइन करा, विषय संपला, अर्धा तास वाट कसली बघायची.

आता तो चुकीचा पिन, याचा मला खरंच राग येतो. माझ्या मावशीच्या खात्यात भिशीचे २००० आले, नाव पटकन ओळखीचं वाटलं नाही, तिने हा मेसेज वाचलेला म्हणून चुकीचा पिन टाकला, मग भरवसा वाटेना म्हणून अजून दोनदा टाकला आणि पिन ब्लॉक झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेडिकलमध्ये काकांच्या शुगरच्या गोळ्या काउंटरवर काढून ठेवलेल्या, मागे लाइन, आणि हिचं पेमेंट होईना. घाबरून रडायलाच आली होती ती, तिला वाटलं खातं हॅक झालं.

आणि या मेसेजमुळे लोकं बॅलन्स बघायलाच घाबरतात, जे खरं तर पहिल्यांदा करायला हवं. कारण खरी फसवणूक वेगळीच असते, एक एसएमएस येतो "५००० जमा", लगेच फोन, "काका चुकून तुम्हाला गेले हो, आई हॉस्पिटलमध्ये आहे, परत टाका ना". तो एसएमएस बँकेचा नसतोच, साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला असतो, आणि ॲप उघडून बॅलन्स बघितला की दहा सेकंदात कळतं की पैसे आलेलेच नाहीत. पैसे मिळवायला पिन लागत नाही, कोणी "पैसे घ्यायला पिन टाका" म्हणालं की फोन ठेवा.

समजा खरोखरच आलेत, तरी आपल्या हाताने परत पाठवू नका, बँकेला कळवा. ते पैसे दुसऱ्या कोणाला फसवून आणलेले असू शकतात आणि मग तपासात तुमचंही खातं गोठू शकतं.

आणि ज्यांचे पैसे गेलेच असतील त्यांनी लाजत, घरच्यांपासून लपवत बसू नका, लगेच १९३० या सरकारी सायबर हेल्पलाइनला फोन लावा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तर आले. ॲपच्या हिस्टरीमधला १२ आकडी यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा नंबर) हाताशी ठेवा, तो विचारतात. १९३० लागला नाही तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका आणि बँकेलाही त्याच दिवशी कळवा.